बिट, बाइट आणि बारदान

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. अंकगणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या थोरल्या भावाला कीर्तनं ध्वनिमुद्रित करून ठेवायचा नाद होता. भाऊ गेले, मागे काठोकाठ भरलेल्या दोनशे सीडी राहिल्या. सीडी काही जन्मभर टिकत नाहीत, म्हणून गुरुजींनी त्या एकेक करून संगणकात उतरवून घेतल्या आणि सगळा साठा पुण्यातल्या मुलीकडे इंटरनेटवरून पाठवायचं ठरवलं. घरात नुकतंच फायबरचं कनेक्शन आलं होतं, प्लॅन ‘५० एमबी’चा. गुरुजींनी कागद घेतला. एका सीडीवर ७०० एमबी, म्हणजे दोनशे सीडींचे १,४०,००० एमबी. भागिले ५०. उत्तर आलं २,८०० सेकंद. पाऊण तास आणि वर मिनिट-दोन मिनिटं. रात्री नऊला त्यांनी पाठवणी सुरू केली. पावणेदहाला दिवा मालवून झोपायचा बेत होता.

काम संपलं तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते.

सकाळी त्यांचा फोन आला. “भागाकार माझा चुकलेला नाही, मी तीनदा ताळा करून पाहिलाय. मग हे सहा तास गेले कुठे? कंपनी वेग चोरतेय का?”

भागाकार खरोखरच बरोबर होता, आणि कंपनीनेही काही चोरलं नव्हतं. गडबड झाली ती भागाकाराच्या आधी. वरच्या आकड्यातला ‘एमबी’ आणि खालच्या आकड्यातला ‘एमबी’ ही दोन निराळी मापं आहेत. एक माप साठवणवाल्यांच्या घरातलं, दुसरं तारवाल्यांच्या घरातलं. पायल्यांना किलोने भागलं तर भागाकार कितीही अचूक असो, उत्तराला अर्थ उरत नाही. तसंच इथे झालं. या दोन घरांची मापं वेगळी का झाली आणि एकातून दुसऱ्यात कसं जायचं, हे एकदा नीट समजून घेतलं तर मोबाइलच्या प्लॅनपासून जुन्या फ्लॉपीपर्यंत सगळे आकडे बोलू लागतात.

तारवाल्यांचे ठोके, साठवणवाल्यांच्या पेट्या

सगळ्यात लहान माप आहे बिट. एका प्रश्नाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं उत्तर, म्हणजे एक बिट. दिवा लागलेला की विझलेला, तारेत वीज आहे की नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द वापरला आणि तो सुचवल्याचं श्रेय जॉन टुकी यांना दिलं. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी होती. तारायंत्र पहिल्यापासून ठोक्यांवरच चाललं, कारण तारेतून एका वेळी एकच ठोका जातो. अक्षर, शब्द, वाक्य ही माणसांची सोय, तारेला त्याचं काही नसतं. म्हणून दूरसंचाराच्या दुनियेत वेग आजही ‘सेकंदाला किती बिट’ असा सांगतात.

साठवणूक करणाऱ्याला सुटे ठोके ठेवून भागत नाही. भुसारवाला गहू दाण्यांनी मोजत नाही, मापाने मोजतो. संगणकातही अक्षर किंवा आकडा ठेवायला काही बिटांचा एक गठ्ठा लागतो. त्या गठ्ठ्याला ‘बाइट’ हे नाव वेर्नर बुखहोल्त्स यांनी १९५६ साली दिलं. तेव्हा ते आयबीएममध्ये ‘स्ट्रेच’ नावाच्या मोठ्या संगणकाच्या आखणीत होते. बाइटमध्ये आठच बिट असतात हे मात्र तेव्हा ठरलेलं नव्हतं. सहा बिटांचे गठ्ठे वापरणारी यंत्रं कितीतरी होती. १९६४ साली आयबीएमची ‘सिस्टीम ३६०’ ही संगणकमालिका आठ बिटांचा बाइट घेऊन आली, जगभर खपली, आणि आठाचं माप रूढ झालं. दूरसंचाराच्या मानकांत मात्र ‘बाइट’ऐवजी ‘ऑक्टेट’, म्हणजे अष्टक, हा शब्द दिसतो. गठ्ठा आठाचाच आहे याबद्दल शंका नको म्हणून त्यांनी तो धरून ठेवला.

जाता जाता आपल्या लिपीबद्दल सांगायला हवं. आज बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, पण देवनागरीतल्या ‘क’ला तीन बाइट लागतात. त्याला वेलांटी दिली की ‘की’चे सहा. नुसता मजकूर असेल तर तेवढ्याच अक्षरांच्या मराठी पत्राला तारेवर इंग्रजी पत्राच्या जवळजवळ तिप्पट ठोके लागतात.

तर पहिली पायरी ही: बिटांचे बाइट करायचे तर आठाने भागा, बाइटांचे बिट करायचे तर आठाने गुणा. गुरुजींचा ५० मेगाबिटांचा प्लॅन सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट नेतो. नळ लिटरमध्ये मोजला होता आणि हंडा घागरींमध्ये. सहा तासांच्या फरकातला बहुतेक भाग या आठाच्या पोटातच आहे. उरलेला भाग लहान असला तरी कळायला अधिक मजेचा आहे.

एका खेपेत किती घागरी?

संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या जुन्या मोडेमवर किंवा त्याच्या पुस्तिकेत आणखी एक शब्द दिसतो, ‘बॉड’. हा शब्द फ्रेंच तारखात्यातले अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून आला. प्रत्येक अक्षराला पाच ठोके अशी त्यांची पद्धत होती आणि तिचं पेटंट त्यांनी १८७४ साली घेतलं. तारेवरचा इशारा एका सेकंदात किती वेळा बदलू शकतो, ते बॉडमध्ये सांगतात.

एका सेकंदात किती खेपा झाल्या ते सांगतो बॉड, आणि त्या सगळ्या खेपांत मिळून किती घागरी पाणी आलं ते सांगतात बिट. एका खेपेत एकच घागर आणली तर दोन्ही आकडे सारखे. टेलेक्सचं तसंच होतं. ५० बॉड म्हणजे सेकंदाला ५० बिट. पण खांद्यावर कावड घेतली की एका खेपेत दोन घागरी येतात. मोडेम बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. टेलिफोनची तार आवाजासाठी बांधलेली, तिच्यावर खेपा वाढवायला मर्यादा होती. म्हणून त्यांनी खेपेतला भार वाढवला. नुसतं ‘आवाज आहे’ किंवा ‘आवाज नाही’ एवढ्यावर न थांबता, सुराची ताकद आणि लाटेची सुरुवात कुठून होते यांच्या निरनिराळ्या जोड्या केल्या. चार प्रकारचे इशारे ओळखता आले की एका इशाऱ्यात दोन बिट बसतात, सोळा ओळखता आले की चार. व्ही-२२ या मानकाचा मोडेम ६०० बॉडवर १,२०० बिट नेई, आणि व्ही-३२ चा मोडेम २,४०० बॉडवर ९,६०० बिट.

तेव्हाच्या बोलण्यात मात्र सगळे सर्रास ‘९,६०० बॉडचा मोडेम’ म्हणत. जुन्या कागदपत्रांत हा घोळ अजून सापडतो. जुन्या यंत्राचा वेग आजच्या मापात आणायचा असेल तर बॉड घेऊन गणित करू नका. एका इशाऱ्यात किती बिट ते आधी शोधा.

रुपयाचे सोळा आणे की शंभर पैसे?

दुसरा घोळ ‘किलो’ आणि ‘मेगा’ या उपसर्गांचा. किलो म्हणजे हजार हे शाळेत शिकलो. मग संगणकवाल्यांचा किलो १,०२४ कसा झाला?

याचं उत्तर आपल्या जुन्या नाण्यांत आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. अर्धा रुपया म्हणजे आठ आणे, त्याचा अर्धा पावली, तिचा अर्धा चवली, तिचा अर्धा आणा. जुनी नाणी अर्ध्या-अर्ध्याने उतरत जात, म्हणून रुपयाचे चौसष्ट पैसे होत आणि पावकी-निमकीचे पाढे घोकलेल्या माणसाला हा हिशोब बोटांवर येई. संगणकाच्या स्मृतीचंही तसंच आहे, फक्त ती दुपटीने चढते. स्मृतीतल्या प्रत्येक खणाला पत्ता असतो आणि तो पत्ता तारांच्या ‘हो-नाही’ने सांगितला जातो. एक तार असली तर दोन खण ओळखता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. दहा तारा लावल्या की १,०२४. हजार खणांची स्मृती करायची तर उरलेले चोवीस पत्ते वाया जातील. म्हणून १,०२४ खण केले आणि ते हजाराच्या जवळ आहेत म्हणून नाव दिलं किलो.

तारवाल्यांना या दुपटीशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं घड्याळ हर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे सेकंदाला हजार ठोके, दहा लाख ठोके. त्यांचा किलो पहिल्यापासून आजपर्यंत नेमका हजारच आहे. गंमत अशी की हार्डडिस्क बनवणारेही हजारानेच मोजतात, कारण डिस्कच्या तबकडीवर पत्त्याच्या तारांचं बंधन नसतं. पण तीच डिस्क विंडोजच्या संगणकाला लावली की विंडोज १,०२४ ने भागतं. म्हणून ५०० जीबीची नवी डिस्क पडद्यावर ४६५ जीबी दिसते आणि माणसाला वाटतं की दुकानदाराने माल कमी दिला. बाइट तेवढेच आहेत, मोजणारा बदलला. ॲपलने २००९ साली आपल्या संगणकात हजाराची मोजणी आणली, त्यामुळे एकच फाइल दोन संगणकांवर दोन आकारांची दिसते.

किलोच्या पायरीवर हा फरक २.४ टक्के आहे. पण प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो. मेगाला जवळपास ४.९, गिगाला ७.४, टेराला तर १० टक्के. जुन्या काळी मुंबईचा मण २८ रत्तलांचा होता आणि बंगालचा ८२ रत्तलांहून थोडा जास्त. नाव एक, वजन दोन. व्यापाऱ्याला कुठल्या गावचा मण ते विचारावंच लागे. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र संस्थेने १९९८ मध्ये १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. नावं तर्काला धरून आहेत, पण बाजारात ती रुजली नाहीत. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला आणि कित्येक वर्षं लोक ‘चार आणे’च म्हणत राहिले. मापाची सवय कायद्यापेक्षा चिवट असते.

या दोन मापांची सगळ्यात विचित्र भेळ साडेतीन इंची फ्लॉपीवर झाली. तिच्यावर ‘१.४४ एमबी’ छापलेलं असे. प्रत्यक्षात तिच्या दोन बाजू, प्रत्येकी ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे आणि कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० बाइट येतात. हजाराच्या मेगाने ते १.४७ होतात, १,०२४ च्या मेगाने १.४१. मग १.४४ आलं कुठून? एकदा १,०२४ ने भागलं, १,४४० आले, आणि पुढे हजाराने भागलं. अर्धा हिशोब आण्यात आणि अर्धा नव्या पैशांत.

बारदान वजा करा

मार्केट यार्डात कांद्याचं पोतं काट्यावर चढतं तेव्हा दिसणारं वजन कांद्याचं नसतं. त्यात पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन असतं. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते बारदान वजा जाता. माहितीलाही बारदान असतं, आणि मापं बदलताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

जुना मोडेम घ्या. संगणकातून मोडेमकडे जाणारं प्रत्येक अक्षर आठ बिटांचं. पण ते कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे पलीकडच्या यंत्राला कळावं म्हणून पुढे एक आणि मागे एक बिट जोडत. आठाचे झाले दहा. म्हणून अशा मोडेमचा वेग बाइटमध्ये काढायचा तर आठाने नव्हे, दहाने भागावं लागे. टेलेक्समध्ये पाच ठोक्यांच्या अक्षराला पुढे एक आणि मागे दीड ठोक्याची विश्रांती, असे साडेसात ठोके लागत. ५० ला साडेसातने भागा. सेकंदाला जेमतेम पावणेसात अक्षरं, आणि जागा धरून सहा अक्षरांचा शब्द मानला तर मिनिटाला ६६ शब्द. चांगला टंकलेखक याच्या बरोबरीने जाऊ शकत होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरून जोडणाऱ्याचा वेग सेकंदाला ९,६०० बिट असे. एक पूर्ण फ्लॉपी त्या वेगाने पाठवायची तर किती वेळ? दहाने भागून सेकंदाला ९६० बाइट. १४,७४,५६० ला ९६० ने भागलं की १,५३६ सेकंद, म्हणजे साडेपंचवीस मिनिटं. तीच फ्लॉपी संगणकाला वाचायला किती वेळ लागतो बघा. ती सेकंदाला पाच फेरे घेते, दोन्ही बाजू मिळून वर्तुळं १६०, एका फेऱ्यात एक वर्तुळ. सगळं सुरळीत असेल तर ३२ सेकंद. साडेपंचवीस मिनिटांत सरळ चालणारा माणूस दोन किलोमीटर जातो. त्या काळी मित्राचं घर दोन किलोमीटरांच्या आत असेल तर फ्लॉपी खिशात घालून चालत जाणं मोडेमपेक्षा जलद होतं, आणि फोनचं बिलही वाचत होतं. पुढे चुका आपणहून दुरुस्त करणारे मोडेम आले, त्यांनी हे पुढचे-मागचे बिट तारेवरून काढून टाकले आणि बारदान हलकं झालं.

टेलिफोन खात्याच्या मोठ्या वाहिन्यांची कथा अशीच आहे. माणसाचा आवाज फोनवरून न्यायला सेकंदाला ८,००० वेळा त्याचं माप घेतात आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहितात. ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,००० बिट. हा ६४ किलोबिटांचा आकडा अंकीय टेलिफोनीची वीट आहे. अशा ३२ विटा रचल्या की ई-वन ही वाहिनी होते, २,०४८ किलोबिटांची. भारत आणि युरोप हीच वापरतात. ऑफिसात तिला ‘टू एमबी लाईन’ म्हणत. इथे २,०४८ हा आकडा पाहून अनेकांना वाटतं की हे १,०२४ चं माप आहे. तसं नाही. तो योगायोगाने ३२ गुणिले ६४ आहे आणि त्यातला किलो हजाराचाच. आठाने भागा, सेकंदाला बरोबर २,५६,००० बाइट. त्यातही ३२ पैकी दोन विटा बारदानात जातात. एक सगळ्यांचा ताल जुळवायला, दुसरी कोणाचा फोन कोणाला जोडायचा या निरोपांना. बोलणं तीसच विटांत होतं. अमेरिकेत २४ विटांची टी-वन वाहिनी आहे. २४ मापांचे १९२ बिट आणि तालासाठी एक, असे १९३ बिट सेकंदाला ८,००० वेळा जातात, आणि तो अवघड दिसणारा १.५४४ मेगाबिटांचा आकडा तयार होतो.

साठवणीच्या घरातही बारदान आहे. सीडीवर एका खणात २,३५२ बाइट मावतात. गाण्याची सीडी ते सगळे वापरते. पण त्याच खणात फाइल ठेवली की २,०४८ च बाइट हाती लागतात. उरलेले ३०४ खणाचा पत्ता लिहायला आणि चुका ओळखून दुरुस्त करायला जातात. गाण्यात एखादा कण हरवला तर कानाला कळत नाही, पण बँकेच्या हिशोबात एक आकडा हरवून चालत नाही. म्हणून तिथे पोतं जाड लागतं. पहिल्या साटा हार्डडिस्कच्या जोडणीवर सेकंदाला दीड गिगाबिट असं लिहिलेलं असे आणि खाली १५० मेगाबाइट. आठाने भागून १८७ यायला हवे होते. पण तिथेही प्रत्येक आठ बिटांना दहा बिटांचं पोतं आहे, म्हणून भागायचं दहाने.

खळ्यावरचा कडेचा बैल

सीडी ड्राइव्हवर ‘५२ एक्स’ असं लिहिलेलं आठवत असेल. एक्स म्हणजे पट, पण कशाच्या पट? मूळ सीडीचा वेग ठरला होता सेकंदाला ७५ खण. फाइलींच्या सीडीत खणाला २,०४८ बाइट, म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. हाच ‘१५० केबी’ आणि हाच एक एक्स. बिटांत तो १२.२९ लाख होतो. त्या हिशोबाने ५२ एक्सचा ड्राइव्ह जवळपास ६४ मेगाबिटांचा. म्हणजे गुरुजींच्या घरातल्या नव्या फायबरपेक्षा कपाटातला धुळकट सीडी ड्राइव्ह कागदावर तरी जलद होता.

कागदावर म्हटलं, कारण ५२ एक्स हा वेग सीडीच्या फक्त कडेला मिळतो. मळणीच्या खळ्यावर बैलांची पात तिवड्याभोवती फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला लांब पल्ला चालावं लागतं. फेरे दोघांचे सारखेच. सीडीवर मजकूर मध्यापासून सुमारे २५ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरपर्यंत जातो. एकाच गतीने फिरणाऱ्या तबकडीवर कडेला ५२ पट वेग असेल तर आतल्या बाजूला तो बाविसाच्या आसपासच भरतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून सुरुवात नेहमी संथ वाटे.

डीव्हीडीचा एक्स वेगळाच आहे. तिथे एक एक्स म्हणजे सेकंदाला १३.८५ लाख बाइट, सीडीच्या नऊपट. ब्लू-रेचा एक्स ३६ मेगाबिटांचा. एक्स वाचला की आधी तबकडी कोणती ते पाहावं.

सीडीच्या वेगाच्या मापाने आपल्या ब्रॉडबँडकडे पाहिलं की इतिहास एका नजरेत दिसतो. गाण्याची सीडी १९८२ साली बाजारात आली. ती सेकंदाला १४,११,२०० बिट वाजवते. भारत सरकारने २००४ साली ब्रॉडबँड म्हणायला किमान वेग ठरवला २५६ किलोबिट, २०१३ साली ५१२ किलोबिट, आणि २०२३ साली २ मेगाबिट. सीडीच्या साध्या वेगाला आपल्या किमान ब्रॉडबँडने गाठलं ते एक्केचाळीस वर्षांनी.

> चौकट: वेग बदलताना
> आधी विचारा, बिट की बाइट? बाइटांचे बिट करायला ८ ने गुणा.
> मग विचारा, हजार की १,०२४? दूरसंचार आणि हार्डडिस्क हजाराने मोजतात. स्मृती, विंडोज आणि सीडीचा ‘१५० केबी’ १,०२४ ने.
> शेवटी विचारा, बारदानासकट की निव्वळ? जुना मोडेम आणि साटा असेल तर ८ ऐवजी १० ने भागा.
> बॉड म्हणजे बिट नव्हेत, आणि एक्स प्रत्येक तबकडीचा वेगळा.

गुरुजींचा कागद पुन्हा

आता तोच हिशोब परत मांडू. आठाने गुणलं की २,८०० सेकंदांचे २२,४०० होतात, म्हणजे सहा तास तेरा मिनिटं. मग दुसरी पायरी. सीडीवरचे ७०० एमबी हे १,०२४ च्या घरातले आणि तेही खाली उतरवून सांगितलेले. ८० मिनिटांच्या सीडीत सेकंदाला ७५ प्रमाणे ३,६०,००० खण असतात आणि प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट. दोनशे सीडींचे झाले १४७ अब्ज ४५ कोटी ६० लाख. १४० अब्ज नव्हेत. वेळ सरकली सहा तास तेहेतीस मिनिटांवर. तिसरी पायरी बारदानाची. इंटरनेटवर माहिती पाकिटांतून जाते. नेहमीच्या मोठ्या पाकिटात १,४६० बाइट मजकूर असतो आणि पत्ता, क्रमांक, तपासणी आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरून तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते. ते जमेस धरलं की सहा तास चौपन्न मिनिटं. रात्री नऊ अधिक सहा चौपन्न, पहाटे चारला सहा मिनिटं कमी.

गुरुजींना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी प्रत्येक पायरी कागदावर लिहून घेतली. मग म्हणाले, “अहो, पण जाहिरातीत नुसतं ‘एमबी’ लिहिलं होतं. मी ओळखायचं कसं?”

या प्रश्नावर मी अडलो, आणि इथे दोष गुरुजींचा नाही. रोमन लिपीत लहान ‘बी’ बिटसाठी आणि मोठा ‘बी’ बाइटसाठी असा संकेत आहे. डोळस वाचकाला त्यावरून फरक कळू शकतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. ‘एमबी’ लिहिलं की बिट आणि बाइट दोघेही एकाच झग्यात शिरतात, आणि वाचणाऱ्याकडे त्यांना वेगळं करायचा कोणताही उपाय उरत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, पाठ्यपुस्तकांत हे रोज घडतं. म्हणून मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला, बातमीदारांना, जाहिरात लिहिणाऱ्यांना, शिक्षकांना माझी विनंती आहे: या एका ठिकाणी संक्षेप वापरू नका. वेग मेगाबिटचा असेल तर पूर्ण ‘मेगाबिट’ लिहा, साठा मेगाबाइटचा असेल तर पूर्ण ‘मेगाबाइट’ लिहा.